कंदीलवालीचा लिलाव

मेहुण्यांनी कपाटाचं दार उघडलं, दाराच्या आतल्या बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "बिचारी."

ते आले होते बहिणीची शाल न्यायला. थंडी पडली होती, बहीण जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि चांगली शाल नुसती घडी घालून ठेवण्यात काय अर्थ, हे त्यांचं म्हणणं जपूनकाकांना पटलं होतं. समोरचा माणूस जरा मोठ्याने बोलला की जपूनकाकांना बहुतेक गोष्टी पटत.

"बिचारी कोण?" काकांनी विचारलं.

"तुमची बायको हो, भाऊजी. माझी बहीण." मेहुण्यांनी दाराला आतून लावलेल्या पोस्टरवर बोट आपटलं. "जन्मभर सांगत राहिली, पहिल्या छपाईचं आहे, पहिल्या छपाईचं आहे. अहो, नंतरची छपाई आहे ही. टॉकीज बंद पडताना मॅनेजर काय अस्सल माल वाटत बसणार होता? टेकवलं हिच्या हातात काहीतरी. फसली बिचारी."

मेहुण्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. त्यामुळे चौकटीत बसू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द आपला, असं ते धरून चालत. शाल काखेत मारून ते निघून गेले आणि काका उघड्या कपाटासमोर उभे राहिले.

तिला आयुष्यात लोकांनी बरंच काही म्हटलं होतं. हट्टी म्हटलं होतं, फटकळ म्हटलं होतं. वीज कंपनीच्या एका साहेबांनी तर हात जोडून 'बाई, माझ्या खुर्चीवर तुम्हीच बसा' असंही म्हटलं होतं. पण बिचारी म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. आता ती उलट उत्तर देऊ शकत नव्हती. आणि तिच्या वतीने उलट उत्तर देणारं घरात उरलं होतं कोण, तर जपूनकाका.

त्यांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये फारसं कोणाला आठवत नसे. जिना चढणाऱ्याला 'जपून', उतरणाऱ्याला 'जपून', दूध ओतणाऱ्याला 'जपून' म्हणता म्हणता तेच नाव चिकटलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या खात्यात गेली. माणसं कशी पडतात, कशी भाजतात आणि शॉक लागून कशी जातात, हे ते रोज सकाळी डबा बाजूला ठेवून वाचायला बसत. साबणाच्या वडीने संपवलेला पैलवान त्यांना कागदोपत्री माहीत होता. शिंक आली म्हणून गच्चीवरून गेलेला एक धडधाकट सुतारही माहीत होता. एवढं वाचून जो घाबरत नाही तो माणूस बेजबाबदार, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

घरात मात्र कामांची सरळ वाटणी होती. भ्यायचं खातं काकांकडे, बोलायचं खातं तिच्याकडे. बँक, गॅस, लेकीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, सगळीकडे ती बोलायची आणि काका मागे पिशवी धरून उभे राहायचे. ती गेली आणि दोन्ही खाती काकांच्या गळ्यात आली. पहिलं ते नीट सांभाळत होते. दुसरं तेव्हापासून बंदच होतं. फोन वाजला की तो थांबेपर्यंत ते बाथरूममध्ये जाऊन उभे राहत.

आता त्या पोस्टरविषयी. त्यावर एक बाई पुलावर उभी आहे, तिच्या हातात कंदील आहे, खाली काळं पाणी आहे आणि मागे अंधारात कोणीतरी आहे. सिनेमा भीतीचा होता. तो बघायला काका लग्नाआधी एकटेच गेले होते, आणि तिकीटखिडकीच्या गजांमागे ती बसली होती.

"फार भीतीदायक आहे का हो?" काकांनी तेव्हा विचारलं होतं.

"भीती वाटली तर उठून या," ती म्हणाली होती. "तिकीट परत घेईन."

काकांना पहिल्यांदा कंदील हलला तेव्हापासूनच भीती वाटली. पण उठून जायचं म्हणजे त्या मुलीसमोर जाऊन 'मला भीती वाटली' असं सांगायचं, आणि ते सिनेमापेक्षा भीतीदायक होतं. म्हणून ते डोळे मिटून शेवटपर्यंत बसले. डोळे मिटल्यामुळे गोष्ट काही कळली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यानंतरच्या दिवशी तिनेच विचारलं, "अजून उठला नाहीत?" पुढे टॉकीज बंद पडलं तेव्हा मॅनेजरने प्रत्येकाला एकेक वस्तू न्यायला सांगितली. डोअरकीपरने खुर्ची नेली. तिने कंदीलवाली आणली, कपाटाच्या दाराला आतून लावली, आणि आल्यागेल्याला दार उघडून दाखवत आली की हे पहिल्या छपाईचं आहे.

जावई आले तेव्हा काकांनी त्यांना विचारलं, "पोस्टर कधीचं आहे हे कोणी सांगू शकतं का?"

"सांगतात की, बाबा. लिलाव करणारी एक कंपनी आहे. जुन्या पोस्टरांची तारीख काढतात, किंमत ठरवतात. पण नुसती तारीख काढून देत नाहीत. विकायला दिलं तरच तपासतात."

"म्हणजे तपासलं की विकावंच लागणार?"

"सही केली की माघार नाही."

खरं कळायचं असेल तर पोस्टर जाणार, आणि पोस्टर ठेवायचं असेल तर ती बिचारी राहणार. ते बराच वेळ कपाटाचं दार उघडत आणि लावत बसले. शेवटी पोस्टर उतरवून, गुंडाळून, दोन्ही तोंडांना रुमाल बांधून जावयांच्या मागे निघाले. रस्त्यात ते प्रत्येक माणसाकडे हा पोस्टर हिसकावून पळेल या नजरेने बघत होते, आणि लोक त्यांच्याकडे या म्हाताऱ्याने बंदूक कुठे नेली आहे या नजरेने बघत होते.

तपासनीस बाई गंभीर होत्या. टेबलावर दिवा, दिव्याखाली पोस्टर, डोळ्याला भिंग. असा दिवा आणि असं भिंग काकांनी आजवर फक्त मोठ्या दवाखान्यात पाहिलं होतं आणि तिथली बातमी चांगली नव्हती. त्यांनी खुर्चीची कड धरून ठेवली.

"घडीच्या रेषा आहेत, हे चांगलं," बाई म्हणाल्या. "पूर्वी पोस्टरं घडी घालून पाठवत. छपाई दगडावरची आहे, हेही चांगलं. ही खालची पट्टी कोणी लावली?"

पोस्टरच्या खालच्या समासावर टॉकीजच्या नावाची पांढरी पट्टी होती. टॉकीजचं नाव, खेळांच्या वेळा, आणि शेवटी 'वेळेवर यावे'.

"बायकोने. तिकीटखिडकीवर होती. नवीन सिनेमा लागला की पट्टी चिकटवायचं काम तिच्याकडे. पिठाची खळ घरून करून न्यायची."

"सुरेख लावली आहे. एक बुडबुडा नाही, कुठे वाकडी नाही." काकांना जरा बरं वाटलं. "पण पंचाईत तीच आहे. छापखान्याची ओळ इथेच असते, नाव आणि साल. सिनेमा पुन्हा लागला की त्याच दगडावरून नवी पोस्टरं काढत. चित्र तेच, कागद बहुतेक तसाच. फरक फक्त त्या ओळीत. ती पट्टीखाली गेली."

"मग पट्टी..."

"आम्ही काढत नाही. फाटलं तर जबाबदारी कोणाची?"

हा प्रश्न काकांनी स्वतः नोकरीत इतक्यांदा विचारला होता की त्यांची मान आपोआप हलली.

"शिवाय कागद फार कोरा आहे," बाई पुढे म्हणाल्या. "ऊन नाही, डाग नाही. अंधारात होतं का?"

"कपाटात."

"कोरा कागद बघून घेणारे बिचकतात. मी सध्या 'बहुधा पुनर्मुद्रण' असं लिहिते. दुसरा काही पुरावा मिळाला तर बघू. गोदाम भरलेलं आहे, तेव्हा पोस्टर घरी न्या आणि लिलावाआधी आणून द्या. इथे सही करा."

काकांनी सही केली. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्या हाताने तिला लेखी 'बहुधा बिचारी' करून आलो आहोत.

बातमी बिल्डिंगमध्ये पोचायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर सल्ला तयार ठेवूनच वर आले. मास्तरांनी शाळेत अनेक पिढ्यांना सफरचंद काढायला शिकवलं होतं आणि कला या विषयात आता त्यांना शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"पोस्टर जुनं आहे, पण दिसत नाही. एवढंच ना?" मास्तर म्हणाले. "मग दिसू दे. कोरा चहा. स्पंजाने हलकेच टिपायचा. शाळेच्या नाटकात मी राजाची फर्मानं अशीच करायचो."

"ही फसवणूक होते, मास्तर."

"फसवणूक नव्याला जुनं करणं. तुम्ही जुन्याला जुनं करताय. तुमच्या डोक्याला कलप आहे का?"

"नाही."

"असता तर ती फसवणूक. केस पांढरे आहेत आणि पांढरे दिसतायत. पोस्टरचं तेच करायचं."

यात कुठेतरी चूक आहे हे काकांना कळत होतं. चहात बुडवून जुनी केलेली पावती त्यांनी स्वतः एकदा पकडली होती, आणि तो दावेदार ऑफिसातच रडला होता. पण मास्तर मोठ्याने बोलत होते.

पोस्टर जेवणाच्या टेबलावर उलगडलं. मास्तरांनी आधी एक कोपरा टिपला आणि तो खरोखरच जुना दिसायला लागला. तेवढ्यात मास्तरांना खालून बायकोची हाक आली. "आलोच, हात लावू नका," असं सांगून ते गेले ते गेलेच. त्यांना घरी डाळ निवडायला बसवलं होतं असं मागाहून कळलं.

इकडे एक कोपरा साठ वर्षांचा आणि बाकीचं पोस्टर कालचं. काकांना ते बघवेना. त्यांनी स्पंज घेतला. भीतीने तो नको तेवढा घट्ट दाबला, त्यामुळे पहिला थेंब कंदीलवालीच्या हनुवटीवर पडला आणि तिला बारीकशी दाढी आली. दाढी पुसायला गेले तर ती गालावर गेली. मग एकसारखं दिसावं म्हणून सगळीकडेच चहा लावावा, असं त्यांनी ठरवलं, आणि पातेलं जवळ ओढताना त्याचा कान त्यांच्या बाहीत अडकला.

त्यानंतर पुलाखालच्या काळ्या पाण्यात खरंच पाणी होतं.

काकांनी टॉवेल टाकला. टॉवेलाने रंग घेतला. मग वाळवायला म्हणून इस्त्री काढली, अगदी कमी गरम केली, मधे कापड घातलं, सगळं जपून केलं. आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला. काका सवयीने बाथरूममध्ये जाऊन उभे राहिले. फोन थांबल्यावर बाहेर आले तर इस्त्री पोस्टरवर बसलेली होती. उचलली तेव्हा पुलाखाली एक तपकिरी होडी उभी होती. पुढे टोकदार, मागे गोल, अगदी होडीच.

काका खुर्चीवर बसले. मग त्यांना दिसलं की पट्टी सुटली आहे. चहाने खळ भिजली होती आणि पट्टी एका कडेने वर आली होती, दार किलकिलं व्हावं तशी. काकांनी ती दोन बोटांनी धरली. ती अलगद हातात आली. खाली समास पांढराशुभ्र होता, आणि त्यावर बारीक अक्षरात छापखान्याचं नाव, 'पहिली आवृत्ती', आणि सिनेमा लागला तेच साल.

"बघ," काका मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हतं.

आनंद तेवढाच टिकला. पोस्टर खरं होतं, आणि त्याला दाढी होती, होडी होती आणि चहाचा वास होता. खोट्या पोस्टरला करतात ते सगळं त्यांनी खऱ्या पोस्टरला करून ठेवलं होतं. आता ही ओळ कोण खरी मानणार? जो माणूस चहा लावतो तो ओळ छापायला कमी करेल का? दाव्यांच्या खात्यात असते तर त्यांनी स्वतः हा कागद लाल पेन्सिलीने नामंजूर केला असता.

तळमजल्यावर कोर्टातले निवृत्त कारकून राहत. काकांनी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "एखाद्याने समजा जुन्या कागदाला चहा लावला..."

"विकायला?"

"समजा."

"सही केली आहे?"

"समजा, केली आहे."

कारकुनांचा चेहरा खुलला. निवृत्तीनंतर त्यांना इतकं चांगलं गिऱ्हाईक आलं नव्हतं. "मग अवघड आहे. एक तर बनावट केल्याचं, दुसरं ते माहीत असून विकायला ठेवल्याचं. वयाचा विचार करतात म्हणा. आणि आत ग्रंथालय असतं. तुम्हाला वाचनाची आवड आहेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. काकांनी फटीतून पाहिलं तर खाकी शर्टाची बाही दिसली. ते दार उघडून बाजूला झाले, दोन्ही हात समोर धरले आणि म्हणाले, "आत टेबलावर आहे. मी एकट्यानेच केलं. मास्तरांना यात ओढू नका."

माणसाने आत वाकून पाहिलं. "मीटर कुठे आहे, काका?" तो म्हणाला. त्याने रीडिंग घेतलं, जाता जाता टेबलाकडे बघून "होडी छान काढली आहे" असं म्हणाला आणि गेला.

पट्टी परत चिकटवून टाकावी, असंही काकांच्या मनात आलं. ओळ कोणाला दिसणार नाही, पोस्टर 'बहुधा पुनर्मुद्रण' म्हणून जाईल, चहाबद्दल फार कोणी विचारणार नाही. पुनर्मुद्रणाला कोण विचारतं? ते सुटले असते. त्यांनी खळ करायलासुद्धा घेतली. पातेल्यात पीठ ढवळताना त्यांच्या लक्षात आलं की आपण सुटतोय आणि तिला अडकवतोय. त्यांनी गॅस बंद केला, तो बंद झाला आहे का हे नेहमीप्रमाणे पुन्हा बघितलं, आणि पोस्टर गुंडाळलं.

तपासनीस बाईंनी पोस्टर उघडलं आणि आधी वाकून वास घेतला.

"चहा," बाई म्हणाल्या.

"हो."

"दुधाचा?"

"कोरा."

"नशीब. दुधाचा असता तर बुरशी आली असती." त्यांचं बोट होडीवर आलं. "इस्त्री?"

"हो. माझं चुकलं. पट्टी आपोआप सुटली. ओळ मी छापलेली नाही. मला छापता येत नाही."

बाईंनी भिंग लावलं आणि समासावर वाकल्या. त्या बराच वेळ वर बघेनात.

"खळीचा पातळ थर ओळीच्या वर आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "म्हणजे आधी ओळ, मग पट्टी. खळ इतकी सारखी पसरली आहे की काचेसारखी बसली. यावर आता काही लिहिता येत नाही आणि खालचं काही बदलता येत नाही. पहिली छपाई आहे. तुमच्या बायकोने शिक्का मारून ठेवला म्हणा ना."

"म्हणजे आता पोलीस..."

"कशाला?"

"मी बनावट केली."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "नंतरचं पोस्टर पहिलं म्हणून आणणारे माझ्याकडे रोज येतात. पहिलं असून त्याला नंतरचं करून आणणारे तुम्हीच पहिले. यासाठी कलम निघालेलं नाही अजून." मग त्यांनी कॅटलॉग पुढे ओढला. "मात्र कॅटलॉग छापून झाला आहे. त्यात पुनर्मुद्रणच राहिलं, डागांचं तेवढं मी पुकारणाऱ्यांच्या प्रतीत हाताने जोडते. छपाई मात्र साहेबांशिवाय बदलता येत नाही. दुरुस्तीची चिठ्ठी करते, साहेबांची सही झाली की लिलावाच्या वेळी वाचून दाखवतील."

'साहेबांची सही झाली की' हे शब्द ऐकून तीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला जे वाटायचं ते काकांना वाटलं.

लिलावाच्या दिवशी मेहुणे नवा कोट घालून आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "बघू तर खरं," असं म्हणून ते काकांच्या शेजारी बसले. दुसऱ्या बाजूला जावई. हॉल माणसांनी भरलेला होता आणि सगळी माणसं शांत होती, हे काकांना अजिबात आवडलं नाही. पुढे उंच टेबलामागे लिलाव पुकारणारे गृहस्थ हातोडी घेऊन उभे होते.

कंदीलवाली आली. दोघांनी तिला धरून उभं केलं. दिव्याखाली तिची दाढी काकांना वाटलं होतं त्यापेक्षा दाट दिसत होती.

पुकारणाऱ्यांनी कॅटलॉगमधून वाचलं, "भीतिपटाचं पोस्टर. दगडावरील छपाई. बहुधा पुनर्मुद्रण. चहाचे व इतर डाग."

काका चिठ्ठीची वाट बघत राहिले. चिठ्ठी नव्हती. ती साहेबांच्या टेबलावर असणार, चष्म्याच्या डबीखाली, हे काकांना इथे बसून दिसत होतं. त्यांनी मान वळवून तपासनीस बाईंना शोधलं. त्या कुठे दिसेनात.

"म्हटलं नव्हतं?" मेहुणे कानात म्हणाले. "बिचारी."

"सुरुवात करू या," पुकारणारे म्हणाले.

काकांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. विमा कंपनीच्या सगळ्या कागदांत हॉलमध्ये उभं राहून बोलल्यामुळे गेलेला माणूस त्यांना आठवत नव्हता, पण सुरुवात कोणालातरी करावी लागतेच. समोर पुलावर ती बाई कंदील धरून उभी होती, आणि हॉलमध्ये अंधारात बसून ते तिच्याकडेच बघत होते, पहिल्यासारखे. फक्त डोळे उघडे होते. इतकी भीती त्यांना तेव्हाही वाटली नव्हती. भीती वाटली तर काय करायचं, हे त्यांना एकाच माणसाने सांगून ठेवलं होतं.

काका उठले.

"भाऊजी, बसा," मेहुण्यांनी त्यांचा शर्ट ओढला. "लोक बघतायत."

"बघू देत," काका म्हणाले. मग पुढे, त्यांना वाटलं त्यापेक्षा बारीक आवाजात, "ते पुनर्मुद्रण नाही."

हातोडी थांबली. "आपण कोण?"

"मी नवरा."

मागे कोणीतरी हसलं. "कोणाचा?" पुकारणाऱ्यांनी विचारलं.

"जिने त्यावर पट्टी लावली होती तिचा. ती तिकीटखिडकीवर होती. पोस्टर पहिल्या छपाईचं आहे. खालच्या समासात ओळ आहे, ओळीवर तिने लावलेली खळ आहे, भिंग लावून बघा. तिला कोणी फसवलेलं नाही. ती फसणारी नव्हती." काकांनी श्वास घेतला. "डाग आहेत, ते बरोबर आहे. चहा माझा आहे."

"आणि ती होडी?" पुढच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं.

"इस्त्री. तीही माझीच."

हॉल हसला, पण हे हसणं वेगळं होतं, त्याला काका घाबरले नाहीत. कोणीतरी तपासनीस बाईंना बोलवायला धावलं. बाई आल्या, बरोबर सही न झालेली चिठ्ठी घेऊन आल्या, आणि पुकारणाऱ्यांच्या कानाशी काही बोलल्या. पुकारणाऱ्यांनी भिंग घेतलं, ते वाकले, सरळ झाले.

"दुरुस्ती," ते म्हणाले. "पहिली छपाई. अस्सल. चहा आणि इस्त्री मालकाची." आणि मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाले, "पहिली छपाई. अस्सल."

त्यानंतर हात वर होत गेले, आकडे पुकारले गेले, हातोडी पडली. काकांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते अजून उभेच होते. जावयांनी त्यांना हळूच खाली बसवलं आणि किती मिळाले ते सांगितलं.

"ते राहू दे," काका म्हणाले. "अस्सल म्हणाले ना?"

"हो बाबा. दोनदा म्हणाले."

ज्या चष्मेवाल्या गृहस्थांनी पोस्टर घेतलं ते कागद घेऊन आले. डाग कशाचे आणि कोणी पाडले, हे मालकाच्या सहीने हवं होतं, संग्रहात लागतं म्हणाले. काकांनी कागद वाचला, दाव्याचे कागद वाचत तसा, वरून खाली आणि खालून वर. 'चहाचे डाग' या शब्दांवर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर बारीक अक्षरात 'कोऱ्या' असं लिहिलं आणि मग सही केली.

दोघे पोस्टर गुंडाळत होते. काका जवळ जाऊन उभे राहिले आणि कंदीलवालीचा चेहरा आत जाईपर्यंत बघत राहिले. "जपून," ते म्हणाले.

बाहेर मेहुणे खांबाशी उभे होते. "तशी ती लहानपणापासून हुशारच," ते म्हणाले. "मी नेहमी म्हणायचो."

"शाल आणून द्या उद्या," काका म्हणाले.

"शाल? अहो, तुम्हीच तर... पडून राहण्यात काय अर्थ म्हणून..."

"पडून राहू दे. कपाट तिचं आहे."

मेहुण्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. असं त्यांना गप्प करणारी घरात एकच व्यक्ती होती, आणि तिची जागा कोणी घेईल असं त्यांना वाटलं नसावं. काकांनाही वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर काकांनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पोस्टरच्या आकाराचा उजळ चौकोन राहिला होता. त्यांनी खण उघडून पट्टी काढली. कॅटलॉगमध्ये पोस्टर होतं, पट्टी नव्हती. त्यामुळे ती विकली गेली नव्हती. टॉकीजचं नाव, खेळांच्या वेळा, 'वेळेवर यावे'.

त्यांनी खळ केली. गुठळ्या झाल्या, म्हणून टाकून दिली आणि पुन्हा केली. ब्रश नव्हता, बोटाने लावली. चौकोनाच्या खालच्या कडेला पट्टी टेकवली, वरून हात फिरवला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. पट्टी डावीकडे उतरली होती आणि मध्ये एक बुडबुडा होता. बाकी ठीक होतं. लांबून कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

काका तिच्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी पट्टी अलगद सोडवली आणि पुन्हा लावायला घेतली.